स्वल्पविराम दम खाण्यासाठी नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'वाचताना जिथे थांबावंसं वाटतं तिथे स्वल्पविराम द्या' हा इंग्रजी लेखनाचा नियम म्हणून सर्रास शिकवला जातो. तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. थांबण्याची जागा माणसागणिक बदलते, वाक्याची रचना बदलत नाही.

'शी कॉल्ड द डॉक्टर अँड द नर्स ब्रॉट वॉटर' हे वाक्य घ्या. स्वल्पविराम नसेल तर तिने डॉक्टर आणि नर्स दोघांनाही बोलावलं असं आधी वाटतं. 'ब्रॉट'पाशी वाचणारा अडखळतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. 'अँड'च्या आधी स्वल्पविराम दिला की हा घोळच होत नाही. अँड, बट, ऑर, सो, येट यांच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य असेल, तर अव्ययाआधी स्वल्पविराम हवा. 'शी कॉल्ड द डॉक्टर अँड वेटेड' यात कर्ता एकच, तिथे नको. दोन्ही वाक्यं अगदी छोटी असतील तर गाळला तरी चालतो. 'बट'च्या नंतर तो उगाच देण्याची खोड मात्र सोडायला हवी.

'बिकॉज'आधी एरवी स्वल्पविराम लागत नाही, पण नकार आला की जपावं. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज इल' याचा अर्थ राजीनामा दिला, पण कारण आजारपण नव्हे, असाही होतो. 'बिकॉज'आधी स्वल्पविराम दिला की त्याने राजीनामा दिलाच नाही, हे स्पष्ट होतं.

याला किरकोळ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला पाहावा. तिथल्या कायद्यात, ओव्हरटाइमचे जादा पैसे ज्यांना लागू नाहीत अशा कामांच्या यादीत शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं होतं आणि 'ऑर'आधी स्वल्पविराम नव्हता. माल पोचवणं हे वेगळं काम, की त्यासाठीचं पॅकिंग तेवढंच वगळलेलं? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर यावरच भांडले. 2017 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

शिक्षकांना एक विनंती आहे. वही तपासताना राहिलेला स्वल्पविराम लाल शाईने घालून देऊ नका. अव्ययाच्या दोन्ही बाजूंचा कर्ता आणि क्रियापद मुलांनाच अधोरेखित करायला सांगा.

आपला,
एक वाचक