रानपिंगळा सांगून पिंगळा छापू नका

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

वर्षभरात जास्तीत जास्त जंगली पक्ष्यांचे फोटो काढायचं जे वेड सध्या आपल्याकडे आलंय त्यावर तुम्ही मागच्या रविवारी पुरवणीत पानभर छापलं, वाचून बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे पक्षी पेपरात येतो तो संक्रांतीला मांजात अडकला की नाहीतर बर्ड फ्लू आला की. पण त्या पानावर मधोमध जो मोठ्ठा फोटो आहे आणि खाली ‘सातपुड्यातला दुर्मिळ रानपिंगळा’ असं लिहिलंय तो रानपिंगळा नाहीये हो, साधा पिंगळा आहे, दोन्ही छोटी घुबडंच. डोक्यावर पांढरे ठिपके टपटपीत दिसताहेत, पोटावर सगळीकडे तपकिरी तुटक नक्षी आहे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, ठिपके असलेच तर बारीक आणि फिके, छाती तपकिरी आणि मधलं पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायाला बोटांपर्यंत दाट पिसं. आणि हा भो भरदिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत असतो, रात्रीची वाट बघत नाही. तुमच्या फोटोतला पक्षी तर कुठल्यातरी कौलाच्या आडोशाला बसलाय.

एवढ्याशा चुकीसाठी एवढं मोठं पत्र कशाला असं म्हणाल. दुसऱ्या कुठल्या भागातला पेपर असता तर मीपण सोडून दिलं असतं. पण खान्देशात ह्याच पक्ष्यावर एकदा खोटी चिठ्ठी लागली होती आणि त्यात किती वर्षं गेली ते आपल्याच लोकांना माहीत नाही.

झालं असं, की ह्यूम ह्या इंग्रज पक्षी अभ्यासकाने १८७३ साली ह्या पक्ष्याला नाव दिलं, तो पहिला पक्षी तिकडे छत्तीसगडच्या बाजूला मिळालेला. नंतर जेम्स डेव्हिडसन म्हणून इंग्रज अधिकारी खान्देशात होता, त्याने १८८० च्या दशकात आपल्या शहादा-तळोद्याच्या बाजूला काही रानपिंगळे मारून कातडी भरून ठेवली, तेव्हा पक्षी अभ्यास म्हणजे बंदूकच. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच सापडेना. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन ह्या बड्या इंग्रज पक्षी संग्राहकाच्या संग्रहात एक रानपिंगळा निघाला, त्यावर चिठ्ठी होती गुजरातमधलं मांडवी, साल १९१४. एवढा मोठा माणूस खोटं कशाला लिहील, म्हणून सगळ्यांनी ते धरलं. आणि खरं काय तर साहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच एक नमुना ढापला, पुन्हा भरला, नवीन चिठ्ठी बांधली! अमेरिकेच्या पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन बाईंनी हे सगळं उकरून काढलं, ती मांडवीची चिठ्ठी बाजूला टाकली, आणि बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ह्यांना बरोबर घेऊन जुने खरे नमुने जिथून मिळाले होते तिथेच शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षांनी! तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हासुद्धा झाला नव्हता, शहादा धुळ्यातच होतं. पक्षी आपल्या डोंगरातच बसलेला होता, चिठ्ठी चुकीची होती.

म्हणून सांगतो, फोटो किती काढले ह्याच्यापेक्षा फोटोखाली काय लिहिलं हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. मी भुसावळला रेल्वेत आहे, शिफ्ट ड्युटी, त्यामुळे सकाळ मोकळी मिळाली की हतनूर धरणावर नाहीतर यावलच्या बाजूला जातो, मीपण वर्षाचे फोटो मोजतो, सुपरझूम कॅमेऱ्यावर, सहाशेची लेन्स घ्यायची ऐपत नाही आणि घरून परवानगीपण नाही. त्यामुळे हे वेड वाईट असं मी म्हणणारच नाही. अमेरिकेत ह्याला बिग इयर म्हणतात, तिकडचा नोआ स्ट्रायकर २०१५ साली पाठीवर एक सॅक टाकून ४१ देश फिरला आणि ६,०४२ जाती बघितल्या, पुढच्याच वर्षी हॉलंडच्या आर्यन ड्वार्सहाउसने तोही आकडा मागे टाकला. पण त्या मोजणीत नुसता आवाज ओळखला तरी चालतो. आपल्याकडे फोटो पाहिजे, फोटो नाही तर पक्षी नाही, आणि सगळा घोळ इथे आहे.

म्हणजे बघा, रातवा धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणाच्या बाजूला अंधार पडला की ओरडतो, ऐकून ओळखता येतो, पण फोटो पाहिजे म्हणून लोक रात्री गाडीचे हेडलाइट टाकत रस्त्यावर फिरतात कारण रातवा रस्त्यावर बसतो, आणि टॉर्च डोळ्यावर मारला की तो जागचा हलत नाही, फोटो मस्त येतो. लावा गवतातून उठत नाही म्हणून चौघं जण गवत तुडवत जातात. आणि रानपिंगळ्याला तर मोबाइलवर त्याचाच आवाज लावतात, ब्लूटूथ स्पीकर घेऊन. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो पिल्लांचं सोडून भांडायला येतो, समोरच्या फांदीवर बसतो, ह्यांचा लायफर झाला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली जात. मग दुसऱ्या आठवड्यात दुसरी गाडी. एका ग्रुपला मी तोंडावर म्हटलं की दादा बंद करा ते, तर म्हणे आम्ही लांबून आलोय, तुमचं रोजचंच आहे. आता काय बोलणार! कायद्यात तर १९७२ पासून लिहिलंय की जंगली पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच, पण शिकार म्हटलं की आपल्या डोक्यात बंदूक येते, कॅमेरा येत नाही.

दुसरी तऱ्हा त्याहून हुशार लोकांची. डिसेंबरात राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन यायचं आणि तिथला फोटो हतनूरचा म्हणून ग्रुपवर टाकायचा, म्हणजे ‘जिल्ह्यात प्रथमच’ अशी बातमी येते. हे मी बघितलंय, मागे पाणवेली आणि झाडं अशी की हतनूरला तसलं काहीच नाही, तरी दोनशे लाइक. माइनर्ट्झहागेन मेला पण त्याची पद्धत जिवंत आहे असं म्हणायचं.

आणि गंमत म्हणजे खोटं लिहायची गरजच नाही एवढं आपल्याकडे आहे. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचा जलाशय गाळाने भरत चाललाय म्हणून आपण सगळे ओरडतो, पाटबंधारेवाल्यांना ती डोकेदुखीच आहे, पण त्याच गाळाच्या उथळ बेटांवर जानेवारीत बघा, चक्रवाक, शेकाटे, तुतवार, नदी सुरय, आणि खोल पाण्यात मोठ्या लालसरींचे थवे, नराचं डोकं असं शेंदरी की कोवळ्या उन्हात लांबूनच ओळखावं. सकाळी धुकं निवळायच्या आत पट्टकादंब काठच्या हरभऱ्यात उतरलेले असतात, मान खाली घालून चरत, एक-दोन मात्र मान ताठ करून राखणीला. हे हिमालय ओलांडून आलेले. भोई लोक जाळं ओढायला होडीने जातात तरी ते फारसे उडत नाहीत, पण कॅमेरेवाला वाकून वाकून यायला लागला की लगेच उडतात, त्यांनाही चोरून येणारा माणूस कळतो वाटतं.

मग मे महिना, जळगाव-भुसावळचं ऊन काय सांगायचं, पंचेचाळीसच्या घरात, माणूस दार उघडत नाही. पण तेव्हाच सातपुड्यातल्या आटलेल्या नाल्यात जिथे एखादा डोह उरलेला असतो तिथे पाच पावलं मागे सावलीत गप बसून राहा, काही लावायची गरज नाही, स्वर्गीय नर्तक पाण्यावर सूर मारून जातो, हरियाल खाली उतरतात, तो तर आपला राज्यपक्षी आणि अर्ध्या लोकांनी बघितलेला नसतो. पाऊस लागला की नवरंग, पावशा, चातक. थंडीची चाहूल लागली की भोवत्ये, म्हणजे हॅरियर, गवतावरून खालून खालून उडत. त्यांच्या माद्या एकसारख्या दिसतात, मॉन्टेग्यू की पॅलिड हे उडताना कळतच नाही, घरी येऊन फोटो मोठा करून मानेची फिकट कॉलर बघावी लागते. तसेच ते बारके वटवटे, बाभळीत एक सेकंद थांबत नाहीत. इथे फोटोचा खरा उपयोग, आणि असला फोटो धूसर असला तरी चालतो, आम्ही त्याला रेकॉर्ड शॉट म्हणतो. असा एक रेकॉर्ड शॉट, खाली खरी तारीख आणि खरं गाव, तो उद्या कोणाच्या तरी कामाला येईल. फ्रेम करून हॉलमध्ये लावलेला खंड्या येणार नाही (लावा खुशाल, माझ्याही घरी आहे). आणि कॅमेऱ्यातली तारीख तेवढी बघून घेत जा, काही कॅमेऱ्यांची आतली बॅटरी गेली की साल मागे जातं आणि जूनमध्ये पट्टकादंब निघतात.

आता कोणी म्हणेल खरं गाव लिहा म्हणता आणि रानपिंगळ्याचं झाड सांगितलं की गाड्या येतात म्हणता, मग करायचं काय? ह्यात अवघड काही नाही. तालुका लिहा, महिना लिहा, रानपिंगळा असेल किंवा कुठलंही घरटं असेल तर त्याच्यापुढे जाऊ नका. लोकेशन ग्रुपवर टाकू नका. ज्याला अभ्यासाला पाहिजे तो वनखात्याकडून रीतसर परवानगी घेऊन येईल, अभयारण्यात फोटोला परवानगी लागतेच तशीही.

तर साहेब, तुमच्याकडून पाहिजे ते एवढंच. एक, त्या फोटोची दुरुस्ती छापा, पिंगळ्याला पिंगळा म्हणा, त्यात त्याचा काही अपमान नाही. दुसरं, ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला डॉ. सलीम अलींचा, त्या आठवड्यात ‘अमुक भाऊंनी इतके पक्षी टिपले’ असा आकडा आणि लेन्ससकट भाऊंचा फोटो छापायच्या ऐवजी तिन्ही जिल्ह्यांतून लोकांनी पाठवलेले फोटो तालुका आणि महिना लिहून छापा, धूसर असले तरी छापा, आणि ज्याच्या मागची झाडं संशयास्पद दिसतील त्याला मूळ फाइल मागा, खरी असेल तर तो दोन मिनिटांत पाठवेल. घरट्याचे आणि पिल्लांना भरवतानाचे फोटो कितीही सुंदर असले तरी घेऊ नका, ते छापले की पुढच्या वर्षी तसलेच शंभर येतात.

मी माझ्याकडून सुरुवात करतो. दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, निसवली की भोरड्यांचे थवे येतील, शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतील, तेव्हाचे फोटो भुसावळ तालुका आणि महिना लिहून पाठवीन. भोरडी काही दुर्मिळ नाही आणि शेतकऱ्यांना आवडतही नाही, पण टोळ-अळ्यापण तीच खाते, आणि मध्य आशियातून येते, पानाच्या कोपऱ्यात जागा झाली तर बघा.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
भुसावळ