फिरता रोल

नागपूर, गुरुवार

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

गीतांजली सुटली तेव्हा तुझी आई काही बोलली नाही. घरी आल्यावर पोळ्यांचा डबा फ्रिजवरच दिसला आणि मग मलाच धरलं. गाडीत काय खाल्लंस?

स्किन पास मिलवर, म्हणजे पत्रा रोलांमधून हलकेच दाबून काढतात तिथे, घेतलं म्हणालीस, छाती फुगली. पण रोल फिरत असताना हात लावायचा नाही. हातमोजे घालूनही नाही, आधी मोजाच ओढला जातो. एवढंच सांगायचं होतं.

हिंगण्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या मडगार्डवर छडी मारल्यासारखे तिरपे वळ उठायचे, आठवतं? सांगितलंय तुला. साहेबांनी दोष डायला, प्रेसच्या साच्याला दिला, म्हणजे मलाच. सात रात्री डाय घासली. पत्र्याची ताजी गुंडाळी, म्हणजे कॉइल लावली की काही नाही, गोदामात उन्हाळाभर पडलेली लावली की वळ.

मग कॉलेजात गेल्यावर तू सतरंजी पसरून दाखवलंस. अख्खी ओढली तर हलत नाही, सुरकुती पाडून ढकलली तर सरकते. लोखंडाच्या स्फटिकात अणूंची एखादी ओळ अर्धीच असते, ते डिसलोकेशन म्हणजे ही सुरकुती. कार्बन-नायट्रोजनचे अणू तिथे जाऊन बसतात आणि तिला अडकवतात. आपल्या उन्हात आणखी लवकर पोचतात. जोर वाढला की एका पट्टीतल्या सुरकुत्या एकदम सुटतात, तेवढीच पट्टी ताणते, शेजारची तशीच. हेच लूडर्स पट्टे. कॉट्रेल आणि बिल्बीने 1949 मध्ये हे मांडलं म्हणालीस. म्हटलं, माझ्या जन्माआधीच! साहेबाला तेवढं कोणी सांगितलं नाही.

आता तूच पत्रा एखादा टक्का दाबून नव्या सुरकुत्या सोडणार, म्हणजे वळ उठणार नाहीत. तरी जुनी कॉइल आधी वापरायला सांग, ठेवली की पुन्हा तेच. बघ, लागलो तुला शिकवायला. इंजिनिअर तू आहेस. माफ कर.

पण रात्रपाळीत डोळा लागत असेल तर सरळ सांगून बाजूला हो. कोणी काही म्हणो.

माझी करंगळी कुलरच्या पंख्यात गेली असं तुला सांगत आलो. तसं नाही. त्या सातव्या रात्री गेली, प्रेसखाली. आईला माहीत आहे.

डबा शकूआत्याच्या पोराबरोबर पाठवतो, संत्रा बर्फीही आहे.

तुझा,
बाबा

ता. क. मिलवर वेणी आत खोचून जात जा.