उतारा नसलेल्या विषावरचे उपचार

मिरज

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

‘उतारा नाही असे डॉक्टरच सांगतात, तर धाकट्याला इतके दिवस अतिदक्षता विभागात कशासाठी ठेवले आहे?’ असे तू फोनवर विचारलेस, तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

उसाच्या खोडकिडीसाठी आणलेले फिप्रोनिल हे कीटकनाशक आम्हीच पाण्याच्या बाटलीत काढून खोपीत ठेवले होते आणि अंधारात त्याने तीच तोंडाला लावली. मीठपाणी पाजून उलटी काढा, असे शेजारी सांगत होते. ते मी होऊ दिले नाही याचे आज समाधान वाटते, कारण झटके येणाऱ्या माणसाची उलटी फुफ्फुसात गेली तर तीच जिवावर बेतते. औषधाचा मूळ डबा घेऊन, त्याला कुशीवर निजवून आम्ही निघालो.

डॉक्टरांनी आधी लेबल वाचले. गावातील एकजण ॲट्रोपिनने वाचल्याचे आठवून मी तेच इंजेक्शन मागितले, तेव्हा त्यांनी समजावले की, ते क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट विषावर चालते. फिप्रोनिल मेंदूला शांत ठेवणारी यंत्रणाच अडवते, म्हणून येथे झटके आवरायचे आणि विष शरीराबाहेर पडेपर्यंत श्वास, रक्तदाब व मूत्रपिंडे सांभाळायची. झटके थांबवणारे लोराझेपाम देऊनही ते पुन्हा आले, श्वास पुरेना, तेव्हा नळी घालून व्हेंटिलेटर लावला. सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी उजेडाकडे धरून आकडा वाचत आणि तक्त्यावर लिहीत, नळीतला कफ ओढून काढत, दर दोन तासांनी त्याची कूस बदलत. रक्तातील साखर, पोटॅशियम आणि मूत्रपिंडे कशी चालली आहेत हे दाखवणारे क्रिएटिनिन यांच्या तपासण्या रोज होत.

तिसऱ्या दिवशी चुलत्यांनी त्याला घरी नेण्याचा विषय काढला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ‘उतारा नाही’ एवढेच त्यांच्या कानी पडले होते. हे शब्द उच्चारताना ‘उपचार मात्र आहेत’ हेही प्रत्येक डॉक्टरांनी त्याच दमात सांगावे, असे मला फार वाटते, कारण त्या दिवशी व्हेंटिलेटर काढला असता तर तो गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचला नसता.

पाचव्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्याने पहिल्यांदा विचारले ते पाण्याच्या पाळीविषयी. कालपासून तो जनरल वॉर्डात आहे आणि आईच्या हातची पेज घेतो आहे.

तुझा,
बालमित्र