सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची जेद्दाहून बदली झाल्याचं फोनवर कळलं. कुठल्या देशात गेलात ते मी विचारलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच. नाही पोचलं, तरी खेड, दापोली, मंडणगडातल्या ज्या घरांची चूल आखातातल्या पैशावर पेटते, त्यांनी तरी ते वाचावं.

ओळख देते. एप्रिल २०२३. सौदीतल्याच खमीस मुशैतच्या सरकारी इस्पितळात अर्धांगवायू होऊन पडलेला एसी मेकॅनिक. तो माझा धाकटा भाऊ. उजवी बाजू गेलेली, वाचा बसलेली. त्याच्या खोलीवरच्या केरळच्या मुलाने मला फोन केला तेव्हा त्याला दाखल करून चार दिवस झाले होते. कफीलने, म्हणजे तिकडच्या मालकाने, हात वर केले होते, "हा माझ्याकडे नाही" म्हणून. त्याने भावावर आठ महिन्यांपूर्वीच हुरूब लावला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हुरूब म्हणजे कामगार पळून गेला अशी मालकाने सरकारदरबारी केलेली नोंद. माझा भाऊ पळाला नव्हता. पाच महिन्यांचा थकलेला पगार मागत होता. पण नोंद झाली की झाली. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. माणूस त्या देशात बेकायदा ठरला आणि देशाबाहेर पडायची वाटही बंद.

इथे आम्ही काय काय केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मुंबईच्या एजंटने फोन उचलणं बंद केलं. कुणीतरी ओळखीचा म्हणून भेटला आणि "काम करून देतो" म्हणत चाळीस हजार मागू लागला. मी मंगळसूत्र मोडायला निघाले होते. मग माझ्या मुलाने परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली. २०१५ पासून ते चालू आहे आणि एक पैसा लागत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मागे लहान मुलांच्या रडण्याचा आवाज होता. ते 'ऑपरेशन कावेरी'चे दिवस होते. सुदानमध्ये लढाई पेटलेली आणि तिथली आपली माणसं जहाजांनी, विमानांनी जेद्दाला येत होती. पहिल्या खेपेला आयएनएस सुमेधा २७८ जणांना घेऊन पोर्ट सुदानहून निघाली, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. जेद्दाच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये त्यांची उतरायची सोय केली होती. तुम्ही तिथूनच बोलत होता. हजारो माणसं दारात उभी असताना खमीसच्या एका मेकॅनिकची फाइल तुम्ही उघडलीत.

आणि तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? "ताई, मी काय करू शकत नाही ते आधी सांगते."

त्या दहा दिवसांत प्रत्येकाने मला आश्वासन दिलं होतं. नाही म्हणणाऱ्या पहिल्या तुम्ही. कफीलला हुकूम सोडता येत नाही, म्हणालात. तिथलं पोलीस ठाणं, तिथलं न्यायालय तिथल्या कायद्याने चालतं, आमचं काम विनंती करण्याचं आणि पाठपुरावा करण्याचं. पगार मिळेलच असा शब्द देणार नाही. किती दिवस लागतील तेही आज सांगणार नाही. मग म्हणालात, "पण त्याला भेटायचा हक्क मला आहे. तो वापरते." हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातून येतो, असंही समजावलंत. 'कॉन्सुलर अॅक्सेस' हे शब्द मी २०१९ मध्ये कुलभूषण जाधवांच्या खटल्यात बातम्यांत ऐकले होते. ते मोठ्या प्रकरणांसाठी असतात असं मला वाटायचं. इस्पितळात पडलेल्या माझ्या भावासाठीही ते आहेत, हे तुमच्यामुळे कळलं. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले. तुमच्या 'नाही'वर विश्वास बसला, म्हणून तुमच्या 'हो'वर बसला.

जेद्दापासून खमीस ६०० किलोमीटरच्या वर. पुढच्या आठवड्यात तुमच्या कल्याण विभागातले एक साहेब तिथे गेले, त्यांनी फोन भावाच्या कानाला लावला. मी नुसती "बाळा, ताई बोलतेय" एवढंच म्हणत राहिले. पलीकडून एक हुंकार आला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढचं सगळं कागदांचं. पासपोर्ट हाती येईना, म्हणून तुम्ही इमर्जन्सी सर्टिफिकेट काढलंत, पासपोर्टऐवजी मायदेशी परतायला चालणारा कागद, ज्याला तिकडची मुलं आउटपास म्हणतात. हुरूबवाल्याला साधा एक्झिट, म्हणजे देश सोडायचा परवाना, मिळत नाही, त्याला तरहीलमधून, म्हणजे परत पाठवणीच्या कचेरीतून, सोडवावं लागतं. तिथे माणूस स्वतः उभा राहतो. हा तर पलंगावर. त्यासाठी इस्पितळाचे दाखले, अरबीतली कागदपत्रं, पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. पगाराच्या दाव्यासाठी मुखत्यारपत्र करून घेतलंत, उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन. दर गुरुवारी मला फोन. काही घडलं नसेल त्या गुरुवारीही, "आज काही झालं नाही" एवढं सांगायला.

विमानात स्ट्रेचर लावायचं तर कितीतरी सीट अडतात, सोबत नर्स लागते. तो आकडा ऐकून मी म्हटलं, घर गहाण ठेवते. तुम्ही थांबवलंत. हा खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून होईल, म्हणालात. २००९ मध्ये सुरू झालेला हा निधी. तिकडे राहणारे आपले लोक पासपोर्टसारख्या कामांसाठी येतात तेव्हा फीसोबत जी छोटी रक्कम भरतात, तिच्यातून तो साठतो. "तुमच्या भावानेही पासपोर्ट रिन्यू करताना भरले आहेत. हे दान समजू नका." मॅडम, माझा भाऊ कुणाचं उपकाराचं खाणारा नाही. घरी आल्यावर त्याला हे वाक्य सांगितलं, तेव्हा त्याने डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला.

एक गोष्ट सलते. तो २०१७ मध्ये गेला तेव्हा प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढलेली होती. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख, आजारपणाच्या खर्चाला १ लाखापर्यंत. मुदत संपली आणि कुणीच ती पुढे चालू केली नाही. तुम्ही मला त्यावरून एका शब्दानेही बोलला नाहीत. "वाडीतल्या बाकीच्यांना सांगा" एवढंच म्हणालात. सांगितलं, मॅडम. वाडीतली सात मुलं तिकडे आहेत. सातही घरी जाऊन पॉलिसीची तारीख बघून आले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, भाऊ मुंबईला उतरला. सोबत त्याची बॅग. तुमच्या माणसांनी खोलीवरून ती आणवून घेतली होती. आत भाचीसाठी घेतलेला फ्रॉक होता, तिला दोन वर्षांनी आखूड झालेला. तिने तो तरीही घातला.

आता तो काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. बोलणं अजून तुटक आहे, पण 'ताई' स्पष्ट म्हणतो. पगाराचा दावा चालू आहे. तुमच्या जागी आलेले साहेब फोन घेतात, आणि तेही न होणारं आधी सांगतात.

तुमच्यासाठी यंदाची आमसुलं बरणीत भरून ठेवली आहेत. सुट्टीत देशात आलात आणि मुंबई-गोवा रस्त्याने जाणं झालं, तर भरणे नाक्याला उतरून फोन करा. नंबर तुमच्याकडे आहेच, दर गुरुवारी लावत होतात तो. माझा मुलगा घ्यायला येईल.

तुमची,
खेडची ताई