अटकेची नोंद चार ठिकाणी, नातेवाइकांसाठीचा फलक मात्र कोरा

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक माझ्या दारात येऊन उभा राहिला. “साहेब, भावाच्या पोराला बाजारातून उचललंय. कुठं नेलाय ते कळत नाय,” एवढेच तो बोलला. मी न्यायालयीन लिपिक म्हणून ३२ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. रिमांडचे कागद लावणे आणि कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांना घेऊन येणारे पोलीस पथक, आली की हजेरी टिपणे हे माझे रोजचे काम होते, म्हणून त्याला मी आठवलो. अशी नोंद शोधणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, असे मला त्या वेळी खरोखरच वाटले होते. प्रत्यक्षात त्या मुलाचा पत्ता लागायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली आणि तोवर त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली होती. चोरीचा आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. अटकेची नोंद कायद्याने सर्वांसाठी खुली असताना आडगावच्या माणसाला ती का सापडत नाही, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

त्या रात्री आम्ही मोबाइलवर अटक आरोपींची ऑनलाइन यादी उघडली. त्यात आधी जिल्हा, मग पोलीस ठाणे आणि मग तारखा निवडाव्या लागतात. आमची गाडी पोलीस ठाण्याच्या नावापाशीच अडली. मुलाचा पाडा एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, आठवडी बाजाराचे गाव दुसऱ्याच्या, आणि ज्या शेतावरचा मोटारपंप चोरीला गेला ते तिसऱ्याच्या. तिन्ही नावे घालून पाहिली. नावाचाही घोळ होता, कारण शाळेच्या दाखल्यावर आडनाव वाघ असे आहे आणि आधार कार्डावर वाघे. पुढे कळले की त्या रात्री नोंद संगणकावर चढलीच नव्हती, ती दोन दिवसांनी दिसू लागली. मुलाच्या वडिलांना फोन करावा तर पाड्यावर रेंज नाही. रेंजसाठी टेकाडावर जावे लागते आणि रात्री तिथे कोणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल, मग एसटी आणि शेवटी जीप असा प्रवास करून आम्ही पहिल्या पोलीस ठाण्यात पोहोचलो. तिथून दुसऱ्या ठाण्यात पाठवले गेलो. त्या दुसऱ्या ठाण्याच्या व्हरांड्यात एक लाकडी फलक होता. त्यावर ‘अटक आरोपींची माहिती’ हे शब्द पिवळ्या ऑइल पेंटने नीटस रंगवलेले होते आणि खाली अनुक्रमांक, नाव, पत्ता, गुन्हा, अटकेची तारीख असे रकाने आखलेले होते. सगळे रकाने कोरे होते. खडूचा साधा पुसट डागही कुठे नव्हता. ठाणे अंमलदारांची तक्रार मी मुळीच करणार नाही. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, रजिस्टर काढून पाहिले आणि मुलाला थोड्या वेळापूर्वीच तालुक्याच्या न्यायालयात नेल्याचे सांगितले. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा न्यायाधीश उठले होते. वकील मिळवून जामीन होईपर्यंत सहा दिवस गेले. आदल्या रात्री ठिकाण कळले असते तर मुलाचे वडील आणि एखादा वकील दुपारी न्यायालयात उभे असते.

नंतर कागद पाहायला मिळाले. मुलाची अटक चार ठिकाणी व्यवस्थित नोंदलेली होती: स्टेशन डायरीत, अटक रजिस्टरमध्ये, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत आणि न्यायालयात दिलेल्या रिमांड अहवालात. २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचा संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातील नियमही पाळला गेला होता. ‘नातेवाइकास दूरध्वनीवरून कळविले’ अशी ओळही होती. तिच्यापुढचा क्रमांक सरपंचांचा होता आणि त्यांचा फोन त्या रात्री लागतच नव्हता. नातेवाइकांना खरोखर कळवले गेले आहे की नाही याची खात्री करून घेणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८ सांगते. हीच ओळ नोकरीत माझ्या टेबलावरून हजारदा गेली असेल. ‘कळविले’ म्हणजे नेमके कोणाला कळले, हे मी एकदाही थांबून पाहिले नाही, याची आज मला मनापासून खंत वाटते.

चारही नोंदी खात्याच्या आणि न्यायालयाच्या कामाच्या आहेत. पाचवी नोंद, म्हणजे बाहेरचा फलक, तेवढी लोकांसाठी आहे, आणि तिच्यामागचा इतिहास मोठा आहे. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत करणाऱ्या एका संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र देशाच्या सरन्यायाधीशांना लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र हीच याचिका मानली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देताना अटकेसंबंधी ११ बंधने घालून दिली. त्यांतले शेवटचे बंधन असे की अटक झाल्यापासून १२ तासांच्या आत ती माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवावी आणि तिथल्या फलकावर ठळकपणे लावावी. पुढे ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-क या कलमाने आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७व्या कलमाने तर तिची व्याप्ती वाढवली. आता अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती जिल्हा मुख्यालयाबरोबरच प्रत्येक पोलीस ठाण्यातही ठळकपणे लावायची आहे. त्यासाठी प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदार किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमून द्यायचा आहे. ही माहिती डिजिटल पद्धतीनेही दाखवता येईल, असे कलमात म्हटले आहे.

‘प्रत्येक पोलीस ठाण्यात’ या तीन शब्दांचे मोल ठाणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की कळते. ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द कसारा, किन्हवली, टोकावडे अशी सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेली आहे आणि जिल्ह्याचे मुख्यालय मात्र ठाणे शहरात आहे. कसाऱ्याहून ठाण्याला रेल्वेने यायचे म्हणजे ८७ किलोमीटर. मुरबाड तालुक्यात तर रेल्वेच नाही, तिथून कल्याण गाठेपर्यंतच अर्धा दिवस जातो. शहरातला माणूस रिक्षाने तीन पोलीस ठाणी तासाभरात पालथी घालू शकतो. वीटभट्टीवर रोजाने जाणाऱ्या कातकरी बापाला त्यासाठी मजुरी बुडवून भाड्याचे पैसे उसने घ्यावे लागतात. मुख्यालयातील फलक कितीही चोख भरलेला असला तरी त्याला त्याचा उपयोग नाही. डिजिटल पद्धत चालेल म्हणून गावच्या ठाण्यातला फलक कोरा ठेवून चालेल, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो कायद्याच्या हेतूलाच धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एफआयआरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी हेच तारतम्य दाखवले होते. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, पण जिथे भौगोलिक अडचण आहे किंवा इंटरनेटची जोडणी नीट नाही तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढवता येईल, असे त्या आदेशात आहे. दुर्गम भागाला ही सवलत मिळायलाच हवी. पण अटकेनंतरचे पहिले २४ तासच जर निर्णायक असतील, तर जिथे संगणकावरची नोंद उशिरा चढणार तिथेच खडूने लिहिलेला फलक जास्त गरजेचा आहे.

यावर एक आक्षेप माझ्या मुलीने घेतला आणि तो मला रास्त वाटतो. ती म्हणाली, “बाबा, गावात नाव फलकावर लागलं की त्या पोराला उद्या कोण काम देईल?” अटक म्हणजे शिक्षा नव्हे, हे गावाला समजावणे सोपे नाही. ज्या महाराष्ट्रात १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही संशयाखाली जगावे लागते, तिथे ही भीती खरीच आहे. अमेरिकेत स्थानिक पोलीस आणि तुरुंग अटक केलेल्यांची छायाचित्रे खुली करतात. ती उचलून आपल्या संकेतस्थळांवर लावणारे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागणारे खासगी धंदे तिथे उभे राहिले, आणि त्यांना आवरायला काही राज्यांना कायदे करावे लागले. आपल्याकडे तसे काही होऊ नये. आपल्या कलमात छायाचित्राचा उल्लेख नाही आणि तो नसावाच. अल्पवयीन मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे, आणि लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख कोणत्याही वाटेने बाहेर पडणार नाही याचीही काळजी घ्यावी लागेल. नाव फलकावर किती दिवस ठेवायचे हे कायद्यात लिहिलेले नाही. माझ्या मते न्यायालयात पहिल्यांदा हजर केल्यानंतर काही दिवसांतच ते पुसावे. फलक नातेवाइकांना माणूस सापडावा म्हणून आहे, गावाने बोट दाखवावे म्हणून नाही. पण या भीतीपोटी फलक कोराच ठेवला तर बाजारातून उचललेला मुलगा कोणाच्या ताब्यात आहे हे कोणालाच कळणार नाही, आणि १९८६ चे ते पत्र नेमके त्याच भीतीतून लिहिले गेले होते.

फलकावर आणखी एक रकाना वाढवावा, अशी माझी विनंती आहे: कोणत्या न्यायालयात आणि किती वाजता हजर करणार. कलमात तो नाही, पण धावपळ करणाऱ्या घरच्यांना त्याचाच सर्वांत जास्त आधार होईल. शिवाय नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक फलकाच्या वर ऑइल पेंटने कायमचा लिहावा, आणि नाव सांगून कोणी फोन केला तर माहिती वाचून दाखवावी. याला ना निधी लागतो, ना निविदा.

तोवर ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझ्या अनुभवाचे एवढेच सांगतो. जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करून कलम ३७चे नाव घेऊन विचारावे, कारण नाव घेतले की उत्तराचा सूर बदलतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. कोठडीतील व्यक्तीला, तसेच अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहिती अधिकारात व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देणे बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवावे, जरी मध्यरात्री दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प कुठून आणायचा हा प्रश्न उरतोच.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी एका ठरावीक दिवशी आपापल्या भागातील पोलीस ठाण्यांत जाऊन हा फलक आहे का, असल्यास त्यावर शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव कुठे लिहिलेले आहे का, एवढे पाहून छापावे, अशी कळकळीची विनंती आहे. मी पाहिलेल्या त्या पोलीस ठाण्याचे नाव इथे मुद्दाम देत नाही. तिथला खडू आणण्याचा आदेश ज्यांनी द्यायचा, त्या वरिष्ठांना मी वेगळे पत्र पाठवले आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक
ठाणे (पश्चिम)