तीर्थरूप आई-बाबांना, वेळासला जाण्यापूर्वी

पुणे, कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीज झाली की मी रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास या गावी, समुद्री कासवांच्या संवर्धनाचे प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी राहायला जाणार आहे. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, मुक्काम तेथेच असेल. कंपनीचा राजीनामा देऊन झाला आहे आणि प्रशिक्षणाच्या करारावर सहीही केली आहे. फोनवर हे सांगितले तेव्हा बाबा गप्प राहिले आणि आई, तू एकदम दिवाळीच्या फराळाचा विषय काढलास. फोनवर मी भराभर बोलते आणि तुम्हाला विचारायचे असते ते राहून जाते, म्हणून सगळे नीट लिहून कळवावे असे ठरवले.

आधी आईच्या गुडघ्याविषयी. शस्त्रक्रिया पुढे ढकलायची नाही. डॉक्टरांनी दिलेली डिसेंबरची तारीखच कायम ठेवायची. त्या वेळी मी सांगलीला येणार आहे. ही रजा मी सही करण्यापूर्वीच मागून घेतली होती आणि ती लेखी मिळाली आहे. मी परत गेले की ताई येऊन राहील, तिचे आणि भावजींचे तसे बोलणे झाले आहे. दरमहा तुमच्या खात्यात जी रक्कम जमा होते तीही तशीच होत राहील. तेवढे पैसे बाजूला काढल्याशिवाय मी राजीनाम्याचे पत्र दिलेच नाही. महापुरानंतरच्या त्या वर्षात आपण कसे दिवस काढले ते मी विसरलेले नाही, त्यामुळे घराची घडी विस्कटेल असे काहीही माझ्या हातून होणार नाही, एवढा विश्वास ठेवा.

आता मी हे का करते आहे ते सांगते. नोकरी सांभाळून मी पर्यावरणाची पदविका पूर्ण केली, तेव्हा कायदे पाठ झाले आणि परीक्षेत गुणही चांगले मिळाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ऑलिव्ह रिडले कासवाला पहिल्या परिशिष्टात स्थान दिले आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण दिले आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. मात्र पहाटे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, कासविणीचा माग दिसला तर पुढे नेमके काय करायचे, हे त्या पदविकेने मला शिकवले नाही आणि वर्गात बसवून ते कोणी शिकवूही शकणार नाही. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या आमच्यासारख्या मुलामुलींची अडचण हीच आहे. जागा निघाली की अनुभव मागतात, आणि अनुभव घ्यायला जावे तर बहुतेक ठिकाणी महिनोन्महिने बिनपगारी राबावे लागते. ज्याच्या घरून पैसे येतात तोच तेथे टिकतो. मला हे अन्यायाचे वाटते, म्हणूनच विद्यावेतन, राहणे आणि जेवण देणारी ही संधी येईपर्यंत मी थांबले. आमच्या तुकडीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील मच्छीमारांची मुलेही आहेत, आणि समुद्राबद्दल त्यांना माझ्याहून कितीतरी अधिक कळते.

ऑक्टोबरच्या आरंभी ओळख करून देण्यासाठी आम्हाला तेथे नेले होते. शिकवणारे गावातलेच एक कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी राखणारे, आहेत, बाबांपेक्षा थोडे लहान असतील. कासवीण वर येते आणि परत जाते तेव्हा वाळूवर जो माग उमटतो तो त्यांनी आम्हाला हाताने काढून दाखवला. ऑलिव्ह रिडले आपले पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर येत नाहीत. हिरव्या कासवाच्या खुणा जोडीजोडीने उमटतात. घरटे शोधण्यासाठी ते एक बारीक काठी वाळूत हलकेच दाबत जातात. घट्ट वाळूत काठी अडते आणि जेथे कासविणीने खणून पुन्हा बुजवले असेल तेथे ती एकाएकी सैल जाते. त्या क्षणी हात थांबला पाहिजे, नाहीतर खालचे अंडे फुटते. आमच्या सरावासाठी त्यांनी नुसता खड्डा करून बुजवून ठेवला होता. मी काठी दाबली तेव्हा मला काहीच कळले नाही आणि त्यांना लांबून कळले. बाबा, तेव्हा मला तुमची उमेदवारी आठवली. लेथवर कट लावताना टूल बोथट झाले आहे हे तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखता, आणि मिस्त्रींच्या शेजारी दोन वर्षे उभे राहिल्याशिवाय तो कान तयार होत नाही, असे तुम्हीच नेहमी सांगता. मला तसेच एका जाणत्या माणसाच्या शेजारी हंगामभर उभे राहायचे आहे.

पुढचे कामही असेच हाताचे आहे. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. कोल्हे आणि कुत्री यांच्यापासून ती वाचवायची असतील तर घातल्यावर काही तासांतच हॅचरीत, म्हणजे अंडी उबण्यासाठी कुंपण केलेल्या जागेत, हलवावी लागतात. आत गर्भ कवचाला धरू लागला की अंडे उलटसुलट झालेले त्याला सोसत नाही, म्हणून प्रत्येक अंडे जसे होते तसेच उचलायचे, त्याच घरट्यातील ओलसर वाळूवर ठेवायचे, आणि कासविणीने केला होता तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा तेवढ्याच खोलीचा खणून त्यात मांडायचे. पिल्ले बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास सीमारेषा असते, त्याहून थंड वाळूत नर अधिक निपजतात आणि गरम वाळूत माद्या. उन्हाळे असेच तापत गेले तर पुढे काय होईल, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो, आणि त्यासाठी रोज त्याच वेळी तापमान घेऊन वहीत लिहिणारी माणसे हवी आहेत.

आई, 'हे काम करायला गावातली माणसे नाहीत का?' असे तू विचारलेस. आहेत, आणि सुरुवात त्यांनीच केली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केले. त्याआधी सापडलेली अंडी लोक खात आणि विकत. त्याच गावाने ते थांबवले, घरटी राखली, २००६ पासून कासव महोत्सव भरवला आणि आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरात उतरवून घेतले. आता कोकणच्या बऱ्याच किनाऱ्यांवर कासवमित्र आहेत. तरीही नोंदी ठेवणारे, जखमी कासव हाताळता येणारे, शाळेत जाऊन मुलांशी बोलणारे, मच्छीमारांना योजना समजावून अर्ज भरून देणारे हात कमीच पडतात. जाळ्यात अडकलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई सरकार देते, आणि हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचवणे हेही आमच्या प्रशिक्षणात आहे. ओडिशात २०२१ मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना आढळली. कोणीतरी वाकून तो क्रमांक वाचला आणि लिहून घेतला, म्हणूनच पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याचा हा संबंध समजला.

माझ्या राहण्याची काळजी करू नका. आम्ही मुली एका कुटुंबाच्या घरी राहणार आहोत. खोलीला पक्की कडी आहे, न्हाणीघर आतच आहे आणि बंबाचे गरम पाणी मिळते. घरच्या काकू दोन्ही वेळा ताजे जेवायला वाढतात. भात, आमटी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी असते, आणि माझ्या पोटाला सोसत नाही ते मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. पुळणीवर एकटीने कधीच जायचे नाही हा तेथला नियम आहे. बरोबर गावातला माणूस असतोच. पाण्यात मी उतरणार नाही, बाबा. मंडणगडला सरकारी दवाखाना आहे आणि आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची गाडी गावात असते. रेंज मात्र घरात नीट येत नाही, म्हणून रोज रात्री आठ वाजता मी वरच्या आळीत जाऊन फोन करीन. एखाद्या दिवशी आला नाही तर रेंज नाही एवढेच समजायचे.

लग्नाचा विषय मी टाळते आहे असे मनात आणू नका. मे महिन्यानंतर तुम्ही म्हणाल तेव्हा बसून बोलू, आणि आत्याबाईंना जे सांगायचे ते मी स्वतः सांगीन. त्यांच्यापुढे तुम्हाला मान खाली घालावी लागू नये एवढेच मला वाटते. पुढे नोकरीचे काय, हेही तुमच्या मनात असणार. प्रशिक्षणानंतर नोकरी मिळेलच अशी हमी कोणी दिलेली नाही. पण वन विभागाच्या प्रकल्पांत, संशोधन संस्थांत आणि किनाऱ्यावरच्या कामांत माणसे घेतली जातात, आणि हंगाम काढलेल्या माणसाला तेथे विचारतात. तसे काही जमले नाहीच, तर हिशेबाचे काम मला येतेच.

हे वेड माझ्या डोक्यात कोणी भरले म्हणून आई तू विचारतेस. औदुंबरला दत्तदर्शनाला गेलो की बाबा मला घाटाच्या पायरीवर धरून उभे करायचे आणि पलीकडच्या वाळवंटात पहुडलेली मगर दाखवायचे, तू मागून माझ्या फ्रॉकची गाठ घट्ट धरून ठेवायचीस आणि घरी आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळून टाकायचीस. मगरीने तोंड का उघडे ठेवले आहे हे बाबांनी मला सांगितले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तुम्ही दोघांनी मला घाबरायलाही शिकवले आणि बघायलाही, आणि त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे.

आता मी सांगते ते नीट ऐका आणि दोघांनीही पाळा. बाबांनी साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची, आठवण झाल्यावर नाही. डबी देवघराशेजारी ठेवली आहे, तेथून हलवायची नाही. सकाळी अनवाणी फिरायचे नाही. आईने माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही, या दिवाळीत तर मुळीच नाही. चकल्या विकत आणल्या तर कोणाचे काही अडत नाही. न्हाणीघरात मी बसवून घेतलेल्या दांडीला धरूनच उठायचे, तिच्यावर पंचे वाळत घालायचे नाहीत. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी आकडा विचारला तर फोन ठेवून द्यायचा. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवायला बाई घरी येतील, त्यांना दुखते म्हणून परत पाठवायचे नाही. मी त्यांच्याकडून रोज विचारून घेणार आहे.

आणि गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, तर मार्चअखेर दोघांनी वेळासला या. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरता येईल, तेथे एक रात्र मुक्काम करू, म्हणजे प्रवास जड जाणार नाही. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आहे, बाबांना पाहायचे पुष्कळ मिळेल. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीने खाडी ओलांडली की हरिहरेश्वर जवळ आहे, आईला देवदर्शनही घडेल. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. आईसाठी पुळणीच्या कडेला खुर्ची ठेवायला मी काकूंना सांगून ठेवते.

फराळ मी येईपर्यंत सुरू करू नका, निदान करंज्या तरी. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पोचते. तपासणीचे कागद आणि जुने एक्स-रे एका पिशवीत काढून ठेवा, आल्यावर मला ते फाईलला लावायचे आहेत. ताईला हे पत्र वाचायला द्या.

तुमची,
मनू