चित्रं रद्दीत, नावं पेपरात : आरोग्यमंत्र्यांना एका पेंटरचं खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात मोठा कार्यक्रम झाला. मनोविकार वॉर्डातल्या रुग्णांची चित्रं पोर्चमध्ये दोरीला टांगली. प्रत्येक चित्राखाली रुग्णाचं पूर्ण नाव, वय, गाव. कुणाला विचारलं नाही. फोटो निघाले, स्थानिक पेपरात छापून आले. पुढच्या आठवड्यात मी वॉर्डात गेलो तर कपाट रिकामं. सगळी चित्रं जुन्या कागदांबरोबर रद्दीवाल्याला दिलेली. "जागा लागत होती, पेंटर," एवढंच उत्तर मिळालं.

फोटोत ज्या ताईंचं चित्र पुढे होतं, त्या बाळंतपणानंतर आजारी पडल्या होत्या. सासरच्या गावात एवढंच माहीत होतं की सून माहेरी आहे. पेपर गावात पोचला. दिवाळीला न्यायला येणार होते, ते आले नाहीत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना द्यायची नाही, हे त्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय. एका पेंटरला हे वाचता येतं, तर व्यासपीठावर बसलेल्या डझनभर साहेबांना का येत नाही?

मी कोण, तेही सांगतो. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली, पण शाळेत जागा मिळाली नाही. मग दुकानांचे बोर्ड रंगवले, ग्रामपंचायतींच्या भिंतींवर कुटुंब नियोजनापासून हागणदारीमुक्तीपर्यंत तुमच्याच सरकारच्या घोषणा लिहिल्या. फ्लेक्स आला आणि आम्हा पेंटर लोकांचा धंदा बसला. माझ्याबरोबरचे कोणी रिक्षा चालवतात, कोणी वॉचमन झाले. मला त्या वॉर्डाची भिंत रंगवायचं काम मिळालं. रुग्ण मागे येऊन उभे राहायचे. एका आजोबांनी न बोलता हातातला ब्रश घेतला आणि खालची पट्टी सरळ ओढली, माझ्यापेक्षा सरळ. ते पूर्वी बैलगाड्या रंगवायचे, हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. तिथून मी रुग्णांबरोबर चित्रं काढायच्या या कामात पडलो, आणि आज कित्येक वर्षं दर आठवड्याला जातोय. कागद-रंग माझ्या खिशातून.

त्या ताई ब्रश धरायच्याच नाहीत. गेरूत बोट बुडवून कागदावर रांगोळीचे ठिपके काढायच्या, ओळीत, नेमके. पण जोडायच्या नाहीत. महिनोन् महिने नुसते ठिपके. एका दुपारी त्यांनी दोन ठिपके जोडले आणि सिस्टरकडे बघून पहिल्यांदा बाळाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी ते चित्र बघून केसपेपरवर नोंद केली. तेच चित्र रद्दीत गेलं, साहेब. एक्स-रे असा किलोवर विकाल का?

मानधनाचं आश्वासन मला मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात माइकवरून दिलं होतं, शाल-श्रीफळासह. अर्ज केला तर या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी शेरा मिळाला : "असे पद मंजूर नाही, तरतूद नाही." माझ्या बायकोनं शिवणकामावर घर चालवलं म्हणून हे काम चाललं. तिनं कुठल्या तरतुदीतून चालवलं, हे कुणी विचारलं नाही. पोरगी विचारते, "पप्पा, तुम्ही तिथे नक्की कोण?" तिला काय सांगू? आवक-जावक रजिस्टरात माझी नोंद अभ्यागत अशी आहे.

मी स्वतःला थेरपिस्ट म्हणवत नाही. पण हे काम हौशी लोकांचं आहे, असं कुणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये एड्रियन हिल हा चित्रकार क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढत बरा झाला आणि 1942 मध्ये त्यानं या कामाला आर्ट थेरपी हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कला आणि आरोग्यावरचे तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र मांडले. आपल्या संसदेनं 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत मूव्हमेंट थेरपिस्टच्या कंसात का होईना, आर्ट थेरपिस्ट आहे. दिल्लीच्या कायद्यात जे नाव आहे, ते जिल्ह्याच्या टेबलावर "मंजूर नाही" कसं होतं?

बंगळुरूच्या निमहान्स या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या पाहणीत दर 100 प्रौढांमागे 10-11 जणांना मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून खाटा साडेपाच हजारांच्या आसपास. बाकीचे लाखो लोक कुठे आहेत? घराच्या मागच्या खोलीत आहेत, दर्ग्यात, देवळात, एसटी स्टँडवर आहेत. तिथवर माणूस पाठवायला पैसा नाही. फ्लेक्सला आहे, मंडपाला आहे, पुष्पगुच्छांना आहे. शाळेत चित्रकलेचा तास गणिताला जातो, चित्रकला शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत, दवाखान्यात समुपदेशक कंत्राटी, सफाईवाला आउटसोर्सिंगचा. माणसाच्या मनाशी संबंधित जे जे काम, ते ते या राज्यात फुकटात किंवा अकरा महिन्यांच्या करारावर करून घ्यायचं, असं ठरलंय का?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात कला उपचाराचं एक तरी पद मंजूर करा. मला नको, शिकलेल्या पोरांना द्या, आणि ते शिक्षण मराठीतून, गरिबाला परवडेल अशा फीमध्ये उपलब्ध करा. रुग्णाचं चित्र केसपेपरइतकंच जपायचं, असं परिपत्रक काढा. नावं कुणी छापू दिली, याची चौकशी करा.

आणि त्या ताईंची लेखी माफी मागा. साध्या पाकिटात, वर खात्याचा शिक्का न मारता पाठवा. त्यांच्या पोस्टमनलासुद्धा कळता कामा नये.

आपला,
वॉर्डातला पेंटर